हाडांना ऊन दाखवायचं होतं

मागच्या हिवाळ्यात डॉक्टरांनी माझ्या रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि सांगितलं, की आजी, तुमचं ड जीवनसत्त्व पार तळाला गेलंय, गोळ्या देतो, पण रोज थोडं ऊन खात जा. मला हसू फुटलं. डॉक्टर पोरसवदा. त्याला वाटलं म्हातारीला काही उमगलं नाही, म्हणून तो तेच परत मोठ्या आवाजात सांगू लागला. मी म्हटलं, बाबा, ओरडू नकोस, कान शाबूत आहेत माझे. आणि या ड पायी मी तुझ्या जन्माआधी एका अख्ख्या घराशी भांडून बसले आहे. बाहेर पेशंटची रांग होती, त्यामुळे त्यानं काही ती गोष्ट ऐकून घेतली नाही. म्हणून इथं लिहिते.

भांडण मला नवं नव्हतं. माझं माहेर मलकापूरचं. वडिलांचं सरकी-ढेपेचं दुकान होतं. दिवसभर गिऱ्हाईक, हमाल, गाडीवान, आणि वरून रेल्वेच्या शिट्ट्या. त्या गलक्यात ज्याचा आवाज मोठा त्याचं काम आधी होतं, हे मी परकरात असतानाच शिकले. सातवी पास झाले तोवर आईनं हात टेकले होते. म्हणायची, हिच्या जिभेला हाड नाही, हिला सासू कोण देणार. शेवटी उंद्रीच्या एका शेतकरी घरानं दिली. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, आणि गावात जो तो आता आपलं राज्य आलं म्हणून काहीबाही मागत होता. रस्ता मागत होता, शाळा मागत होता. मला मागायला आपलं म्हणून काहीच नव्हतं. ते नंतर सापडलं.

लग्नानंतर मला घर दाखवलं तेव्हा ओसरी दाखवली, माजघर दाखवलं, चूल, गोठा, सगळं दाखवलं. कोठीच्या खोलीपाशी सासूबाई थांबल्या आणि म्हणाल्या, आत आत्याबाई हायेत, पाया पडून ये, पन दार लगेच ओढून घे. आत माणसापेक्षा उंच अशा ज्वारीच्या कणग्या होत्या, शेणानं लिंपलेल्या. वरच्या झरोक्यात गोणपाट कोंबलं होतं. दोन कणग्यांच्या मधल्या जागेत एक बाई बसली होती, गोरी, म्हणजे आमच्या भागात कुणी असू नये इतकी गोरी. मी पाया पडले. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि बाजूच्या रिकाम्या जागेकडे बघून म्हणाली, नवी सून आली, पाहून घे. तिथं कुणी नव्हतं.

ही माझ्या सासऱ्यांची मोठी बहीण. ऐन वयात, वैशाखातल्या भर दुपारी ती सासरच्या वावरातून पायी घरी आली आणि आंगणात पडली. शुद्धीवर आली ती दुसरीच बाई होऊन. नसलेल्या माणसांशी बोलायची, ताटात कुणी काही कालवलंय म्हणून जेवायची नाही, एकाएकी उठून दारांना कड्या घालत फिरायची. सासरच्यांनी थोडे दिवस वाट पाहिली आणि माहेरी आणून सोडलं. गावातल्या जाणत्या माणसानं निदान केलं, की ऊन मस्तकात गेलंय आणि तिथंच ठाण मांडून बसलंय. पुन्हा ऊन लागलं तर बाई हातची जाईल. झालं. त्या दिवसापासून तिला कोठीत ठेवलं ते ठेवलं. तीसेक वर्षं झाली होती त्याला.

आमच्याकडच्या माणसाला ऊन लागणं म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. उन्हाळ्यात घराबाहेर पडताना धडधाकट माणूससुद्धा डोक्याला फडकं गुंडाळतो आणि खिशात कांदा टाकतो. कांदा ऊन ओढून घेतो म्हणतात. आत्याबाईच्या पदराच्या गाठीला तर बाराही महिने कांदा बांधलेला असायचा. तो कांदा सासरे स्वतः आणायचे. दर बाजाराला सगळा ढीग उपसून एक पांढरा, टणक कांदा निवडायचे, घरी आले की आधी कोठीत जायचे, जुना सोडून नवा बांधायचे. झरोक्यातलं गोणपाटही त्यांनीच कोंबलेलं. त्यांनी बहिणीला कधी वेडंवाकडं बोललेलं मी ऐकलं नाही. जे केलं ते मायेनं केलं, आणि त्यामुळेच त्यांच्याशी भांडणं फार अवघड होतं.

मी आले तेव्हा आत्याबाई साठीच्या घरात होती. तिला जेवण नेऊन देणं, न्हाऊ घालणं, पायाला तेल लावणं ही कामं नव्या सुनेकडे म्हणजे माझ्याकडे आली. तेल लावताना ती रोज एकच गाऱ्हाणं सांगायची, "माह्या हाडाईले सोंडे लागले वं."

सोंडे म्हणजे ज्वारीत होतात ते बारीक काळे किडे. दाणा वरून धड दिसतो, आतून पोकळ असतो, बोटानं दाबला की पीठ. आयुष्य कणग्यांच्या शेजारी काढलेली बाई, तिला सोंड्यांशिवाय दुसरं काय सुचणार. पण घरात ही गंमत होऊन बसली होती. आळीतली पोरं दारातून डोकावून विचारायची, आत्या, आज सोंडे काय म्हणतात? थोरली माणसंही हसायची. मी एकदा सासूबाईंना म्हटलं, त्यांना खरंच दुखतं, नडगीला बोट लावलं तरी डोळ्यांत पाणी येतं. सासूबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "येड्याले कायचं दुखनं? त्याईचं सारं दुखनं टकुऱ्यात असते." टकुरं म्हणजे डोकं. हे वाक्य माझ्या डोक्यात जे बसलं ते आजतागायत उठलेलं नाही.

पुढच्या वर्षी तिचं चालणं बदललं. आधी भिंत धरून डुलत डुलत चालायची, मग दोन पावलांतच बसकण मारायची, आणि पावसाळा सरता सरता तिला बसल्या जागेवरून उठताच येईना. हात टेकायची, जोर करायची, आणि परत खाली. परसाकडे न्यायचं तरी आम्ही दोघी लागायचो, सासूबाई एका काखेत आणि मी दुसऱ्या. सासूबाईंची कंबर आधीच गेलेली. दिवाळीनंतर एकदा तिघीही दारातच कोसळलो. त्या संध्याकाळी सासऱ्यांनी ओसरीवर सांगून टाकलं, की आखाजीची घागर बाईच्या देखत भरू आणि मग तिले नागपूरले नेऊ. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, त्या दिवशी पितरांच्या नावानं पाण्याची घागर भरतात.

आमच्या भागात नागपूरला नेणं म्हणजे वेड्यांच्या इस्पितळात नेणं. ते इस्पितळ कसं आहे, हे आमच्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. बरंही असेल. पण उंद्रीहून नागपूरला भेटायला कोण जाणार आणि किती वेळा जाणार? नेलं की गेलं, एवढंच. आणि आत्याबाईला कोठीच्या बाहेर बैलाचा खोकला ऐकू आला तरी धडकी भरायची, तिला परक्या गावात परक्या माणसांत ठेवायचं. मी भाजी निवडता निवडता आतूनच बोलले. सुनेनं ओसरीवरच्या बोलण्यात तोंड घालायची रीत नव्हती, पण माझ्या तोंडाला रीत कुठं ठाऊक होती. मी म्हटलं, आधी डॉक्टरला दाखवा. दीर म्हणाला, येडीले काय दाखवता?

"टकुरं येडं असन," मी म्हटलं, "पाय तं येडे नाहीत ना?"

मग माझा नवरा, जो एरवी दिवसातून चार शब्द बोलायचा, उठला आणि म्हणाला, सकाळी गाडी जुंपतो. त्या एका वाक्यावर मी त्याचे पुढचे कितीतरी अबोल दिवस माफ केले.

दिवस उगवायच्या आत निघालो. गाडीला ताडपत्री बांधली, आत्याबाईला घोंगडीत गुंडाळलं, कांदा तिच्या मुठीत. चिखलीच्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टर देशावरचे होते, कमी बोलणारे. त्यांनी तिला दोघांच्या आधारानं चालवून पाहिलं, मग बाकावर बसवून अंगठ्यानं नडगी दाबली. ती कळवळली. बरगडी दाबली, तेच. मी सोंड्यांचं सांगितलं, आणि सांगताना मलाच वाटलं की आता हेही हसणार. ते हसले नाहीत. म्हणाले, "बरोबर सांगतायत की त्या."

मग त्यांनी विचारलं, या उन्हात जातात का? सासरे पुढं झाले. छाती जरा फुगलीच त्यांची. "साहेब, तीस वर्ष झाले," ते म्हणाले, "बाईले उन्हाची तिरीप लागू देली नाही."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तेच चुकलं," ते म्हणाले. "हाडांना ऊन लागतं हो. ही आतून मऊ पडलीत."

त्यांनी समजावून सांगितलं, की अंगावर ऊन पडलं की कातडीत ड नावाचं जीवनसत्त्व तयार होतं, आणि ते नसलं तर दूध-भाकरी कितीही खाल्ली तरी हाडं धरत नाहीत. म्हणाले, डोक्याचा आजार असलेल्या म्हाताऱ्या माणसांत मी हे पुष्कळदा पाहतो. त्यांना आत ठेवतात. त्यांनी काही दुखतं म्हटलं की ते डोक्यावर ढकलतात, आणि पायांकडे कुणी बघतच नाही. त्यांनी माशाच्या तेलाची बाटली दिली, दूध द्या म्हणाले, आणि रोज न्याहारीनंतर उघड्या अंगावर ऊन. महिने लागतील म्हणाले, चार-आठ दिवसांत काही होणार नाही. आणि डोकं यानं सुधारेल असं मी म्हणत नाही, हेही त्यांनी बजावलं.

परतीच्या वाटेवर सासरे गाडीच्या मागं पायी चालत आले. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, डॉक्टर देशावरचा, त्याले आपल्या इकडचं ऊन काय माहीत. मला तेव्हा नुसता संताप आला. पण त्यांचंही खरं होतं. डॉक्टरांचं मानायचं तर तीस वर्षांची माया उलटी पडली, हे मानावं लागलं असतं. ते एका दिवसात कुणाला मानवेल? शेवटी ते म्हणाले, आखाजीपर्यंत बाई आपल्या पायानं उभी झाली तं राहीन, नाही तं नागपूर. मी म्हटलं, ठरलं.

तेलाचं काही जमलं नाही. सासूबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ. बाटलीचं बूच निघालं आणि वास माजघरात शिरला. कायचं ड आनलं वं हे, डबड्यातलं का डबक्यातलं, असं म्हणत त्यांनी ती बाटली चुलीच्या चिमट्यानं उचलली आणि उकिरड्यावर नेऊन टाकली. मी रागानं जेवण सोडलं. कुणीही माझी समजूत काढायला आलं नाही, तेव्हा मी आपणहून उठून जेवले. जेवता जेवता ठरवलं, की मासोळी राहिली तर राहिली. ऊन तर कुणाच्या बापाला उकिरड्यावर टाकता येत नाही.

पण ऊन देणार कसं? घरच्यांचं सोडा, आत्याबाईच तयार नव्हती. तीस वर्षं तिला सांगितलेलं, की ऊन तुझ्या जिवावर उठलंय. ती त्याला 'तो' म्हणायची. तो दारात बसला हाये, तो मले पाह्यते. कोठीला परसात उघडणारं एक मागचं दार होतं, मी ते महत्प्रयासानं उघडलं, तर तिनं किंकाळी फोडून तोंड झाकून घेतलं. मी हाताला धरून ओढायला गेले. ती माझ्या मनगटाला कडकडून चावली. सासूबाई म्हणाल्या, भोग आता. मी चुना लावला, चिंधी बांधली, आणि दुसऱ्या दिवशी परत दार उघडलं. परत किंकाळी. मी दार उघडायची, ती लावायला लावायची, असं बरेच दिवस चाललं. मला रडू यायचं, पण मी ते तिच्यासमोर येऊ दिलं नाही. मला आखाजी दिसत होती.

मार्गशीर्षात कणगी फोडली. खालची ज्वारी काढली तर ती सोंड्यांनी काळी झालेली. मी ती घमेल्यानं उपसून परसातल्या आंगणात चवाळ्यावर, म्हणजे गोण्या जोडून शिवलेल्या जाड अंथरणावर, पसरायला नेत होते. त्यासाठी मागचं दार उघडं ठेवावंच लागलं. आत्याबाई कोपऱ्यात सरकून बघत होती. धान्याचा विषय म्हणजे तिचा विषय. मुठीत दाणे घेऊन नुसत्या वजनावरून पोकळ किती ते सांगायची.

"काऊन काढून राह्यली वं ज्वारी?" तिनं विचारलं.

"सोंडे लागले, आत्याबाई. ऊन दाखवा लागते."

हे वाक्य आमच्याकडची प्रत्येक बाई वर्षातून दहा वेळा म्हणते. धान्याला ऊन दाखवतात, डाळीला दाखवतात, गादी-गोधड्यांना दाखवतात. मी काही विचार करून बोलले नव्हते. पण आत्याबाई बराच वेळ माझ्या येरझाऱ्या बघत राहिली. मग तिनं हात आपल्या नडगीवर ठेवला.

"मंग माह्या हाडाईले कोनीच ऊन नाही दाखवलं," ती म्हणाली.

घमेलं माझ्या हातातच राहिलं. डॉक्टरांनी जे सांगितलं, जे आम्हाला कुणाला पटलं नाही किंवा पटवता आलं नाही, ते हिनं एका वाक्यात सांगून टाकलं होतं. मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि म्हटलं, चला, आता दाखवू. तिनं लगेच अडचण काढली, पन टकुऱ्याचं कसं? तिथं तं आधीच ऊन हाये. मी म्हटलं, टकुऱ्याचं नावच काढायचं नाही. टकुरं सावलीत, हाडं उन्हात. तिनं विचार केला. आमच्या घरात इतका विचार करून कुणी कधी हो म्हटलेलं मला आठवत नाही.

त्या दिवशी मी तिला मागच्या उंबऱ्यापर्यंत सरकवत आणलं. डोकं, छाती आत, कपाळावर कांदा, आणि गुडघ्यापासून खाली पाय बाहेर, लुगडं वर सारून. त्या पायांवर ऊन पडलं तेव्हा मला बघवेना. इतकी पांढरी, निळ्या शिरांची कातडी. ती डोळे गच्च मिटून होती आणि पुटपुटत होती. मग हळूच तिनं विचारलं, निघाले का? मी म्हटलं, निघतील, ज्वारीचे तरी कुठं लगेच निघतात.

आळीत बोभाटा झाला. त्या घरच्या सुनेनं म्हातारीचे पाय वाळत घातले म्हणून बाया विहिरीवर पोट धरून हसल्या. मी म्हटलं, हसा, तुमच्याही पायांची पाळी येईल. सासूबाई कडाडल्या, सासरे तावातावानं आत आले. मी त्यांना फक्त बोटानं दाखवलं, मामाजी, पाहा, डोक्यावर सावली आहे, कांदा आहे, कुठं ऊन लागतंय? त्यांच्या नियमातच बसत होतं ते. जाणत्यानं ऊन मस्तकात गेलं म्हणून सांगितलं होतं, पायांचं नाव घेतलं नव्हतं. ते काही वेळ उभे राहिले, बहिणीच्या पायांकडे बघत. मग म्हणाले, माशा बसून राह्यल्या, वारा घाल तिले. आणि निघून गेले.

मग रोजचं झालं. न्याहारी झाली की चवाळं, चवाळ्यावर पाय. थोड्या दिवसांनी कोपरापर्यंत हातही बाहेर आले. ऊन सरकलं की मी चवाळं सरकवायची. धान्य जसं मधून मधून हलवतात तसं तिलाही पालथं व्हायचं असायचं, एका अंगाचे राह्यले म्हणायची. कधी एकदम बोट दाखवायची, ते पाह्य, चालले. मी बघायची. मातीवर काही नसायचं, फारतर एखादी मुंगी. मी म्हणायची, हो, चालले. डॉक्टरांनी सांगितलं होतं की डोक्याचं मी काही म्हणत नाही. मग मी कशाला म्हणू? तिचं डोकं तिला उन्हात आणत होतं, मला तेवढं पुरे होतं.

संक्रांतीच्या सुमाराला तेल लावताना ती कळवळेनाशी झाली. होळीपर्यंत आपली आपण उठून बसायला लागली, मग माझा हात धरून उभी राहायला लागली, गुडघे थरथरत, पण उभी. एक दिवस पाहिलं तर सासूबाई तुरीच्या शेंगा घेऊन तिथंच परसात सोलत बसल्या होत्या, नणंदेच्या पायाशी, आणि उरलेलं दूध न सांगता तिच्या वाटीत ओतू लागल्या. मला मनातून फार बरं वाटलं.

चैत्र लागला आणि ऊन बदललं. आमच्याकडचं चैत्राचं ऊन म्हणजे थट्टा नाही, हे मलाही कळत होतं. सासरे म्हणाले, आता पुरे, हे ऊन खोटं नाही. मी म्हटलं, न्याहारीच्या आधी आणते, तापायच्या आत. त्यावरून रोज वाद. शेवटी आखाजीच्या आदल्या दिवशी त्यांनी सगळ्यांना परसात बोलावलं. दीर, जाऊ, सासूबाई, शेजारचे दोघं-तिघं. आत्याबाई उंबऱ्यावर बसली होती. मी जवळ जायला लागले तर सासऱ्यांनी मला हातानं मागं थांबवलं. "उठ वं बाई," सासरे म्हणाले. "आपल्या पायानं उठ. मले पाहू दे."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग भोवतीच्या माणसांकडे. मग तिनं पदर पुढं ओढला, कांदा मुठीत घेतला आणि पुटपुटायला लागली. ते आले, सारे आले. उठली नाही. मी म्हटलं, आत्याबाई, कालच उभ्या राहिलात ना, उठा. ती आणखीच अंग चोरून बसली. सासऱ्यांचे डोळे भरले. मी पाह्यलं, वाट पाह्यली, असं म्हणून त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि आखाजीच्या दुसऱ्या दिवशीची गाडी सांगून आले. मला सगळ्यांचा राग आला, तिचासुद्धा. इतके महिने घासले ते या एका क्षणासाठी, आणि तिनं नेमका तोच घालवला. मी त्या रात्री तिच्याशी बोलले नाही.

सकाळी आखाजी. सणाचा सैपाक म्हणजे पुरण शिजवायचं, आंब्याचा रस काढायचा, कुरडया तळायच्या, पितरांचं पान वाढायचं. चुलीपुढून हलायला फुरसत नाही. तरी सवयीनं मी चवाळं टाकलं, तिला उंबऱ्यावर बसवलं, पाय बाहेर केले, आणि एक शब्द न बोलता आत आले. मग पुरणात जी अडकले ती अडकलेच. कडब्याच्या गंजीची सावली त्या वेळी उंबऱ्याकडे सरकत येते, हे मला ठाऊक होतं. पण पुरण बुडाला लागत होतं.

सासरे नवी घागर भरून विहिरीवरून मागच्या वाटेनं आले. मला त्यांची हाक ऐकू आली. "सूनबाई." आवाज असा, की मी हात न धुता धावले.

आत्याबाई आंगणाच्या मधोमध होती. उभी. कंबरेत वाकलेली, पाय फाकलेले, एका हातात चवाळ्याचं टोक. ते जड चवाळं ती ओढत निघाली होती, गंजीच्या सावलीतून पलीकडच्या उन्हाकडे, एक पाऊल टाकायची, थांबायची, ओढायची. पदर खांद्यावर पडलेला. डोक्यावर काही नाही. गाठ सुटून कांदा उंबऱ्यापाशी पडला होता. तिनं मला पाहिलं आणि तिचा पारा चढला.

"कुठी गेली होती वं? ऊन पार तिकडे गेलं, कोनी चवाळं सरकवलं नाही. मलेच उठा लागलं."

आखाजीची भरलेली घागर पाटावर ठेवेपर्यंत खाली टेकवत नाहीत. सासऱ्यांनी ती तिथंच मातीत ठेवली. ते गेले, वाकले, आणि चवाळ्याचं दुसरं टोक धरलं.

"कुठी टाकू, बाई?"

तिनं त्यांच्याकडे असं बघितलं, की या घरात शहाणं म्हणून कुणी उरलंय की नाही.

"ऊन कुठी हाये, दिसत नाही का तुले?"

त्यांनी मान वर करून पाहिलं. मग चवाळं उन्हात नेऊन पसरलं, चारी कोपरे सरळ केले, आणि बहिणीचा हात धरून तिला वर बसवलं. माझे हात पुरणानं भरलेले होते, त्यामुळे मला डोळेही पुसता येईनात. आत पुरण जळालं ते जळालंच.

दुसऱ्या दिवशी गाडीवान आला. सासऱ्यांनी त्याला उरलेल्या पोळ्या जेवू घातल्या आणि परत पाठवलं. आत्याबाईचं डोकं शेवटपर्यंत तसंच राहिलं. तिची न दिसणारी माणसं तिच्याशी बोलत राहिली, तीही त्यांना उत्तरं देत राहिली. पण परसाकडे ती आपल्या पायांनी गेली, मरेपर्यंत. झरोक्यातलं गोणपाट सासऱ्यांनी एक दिवस स्वतःच उपसून काढलं, कुणाला न सांगता. दर बाजाराला ते तिच्यासाठी पांढरा कांदा निवडून आणायचे, ते आणतच राहिले. ती तो उन्हात बसून बुक्कीनं फोडायची आणि भाकरीबरोबर खायची.